हडप्पा, पाऊस आणि थरची आटलेली तळी

जून २०२० आठवतोय? आपण सगळे घरात कोंडलेलो, आणि फोनवर एकच फोटो फिरत होता : बुलढाण्यातलं लोणार सरोवर चक्क गुलाबी झालेलं. कुणी म्हणालं चमत्कार, कुणी म्हणालं फोटोशॉप. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पाण्याचे नमुने तपासले गेले, तेव्हा कळलं की ही करामत खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची आहे. पाणी कमी झालं, खारटपणा वाढला, हे जीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने तळं रंगलं. पुढे पावसाचं पाणी आलं आणि रंग गेला.

गुलाबी रंगाबद्दल सगळे बोलले. त्यामागची साधी गोष्ट मात्र राहून गेली. लोणारला पाणी येतं, पण बाहेर जायला वाट नाही. ना नदी निघते, ना ओढा. पाणी जातं ते वरून, वाफ होऊन. अशा तळ्याला बंद खोऱ्यातलं तळं म्हणतात, आणि आजचा एपिसोड अशाच तळ्यांचा आहे. लोणारकडे आपण परत येऊ. आधी जायचंय राजस्थानात, थरच्या वाळवंटात. तिथल्या चार-पाच आटलेल्या तळ्यांवरून गेली पन्नासेक वर्षं एक वाद चालू आहे : हडप्पा संस्कृती पावसावर उभी राहिली का, आणि पावसानेच तिला संपवलं का?

(मराठीत 'थर' म्हणजे लेयर. या एपिसोडमध्ये थरच्या थरांचीच गोष्ट आहे, त्यामुळे हा विनोद मी आत्ताच करून टाकतो. परत करणार नाही.)

तर बंद खोऱ्याचं गणित. जमा बाजूला पाऊस, आजूबाजूने वाहत येणारं पाणी, थोडं जमिनीखालून झिरपणारं. खर्चाच्या बाजूला मुख्यतः बाष्पीभवन. आता गंमत बघा. बाष्पीभवन पृष्ठभागावरून होतं. पाऊस वाढला की तळं पसरतं, पसरलं की जास्त वाफ होते, आणि कधीतरी जमा-खर्च जुळतो. तळं तिथे थांबतं. पाऊस कमी झाला की उलटं. म्हणजे तळ्याचा आकार हाच पावसाचा मीटर. पश्चिम राजस्थानात वर्षाला जेमतेम २०० ते ३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उघड्या पाण्यातून दोन मीटरच्या आसपास पाणी उडून जातं. तिथे कायम भरलेलं तळं असायचं तर हवामान बरंच वेगळं हवं. त्यामुळे अशा जागी एकेकाळी खोल, गोड्या पाण्याचं तळं होतं असा पुरावा सापडला, की ती साधी बातमी राहत नाही.

आणि मीठ? पाणी उडतं, मीठ मागे राहतं. हॅलेच्या धूमकेतूवाला एडमंड हॅले, त्याने १७१५ मध्ये सुचवलं होतं की बाहेर न वाहणाऱ्या तळ्यांमधलं मीठ दर काही काळाने मोजत गेलं, तर ते साठायला किती वर्षं लागली याचा हिशेब करता येईल आणि त्यावरून पृथ्वीचं वय काढता येईल. वय काही त्याने निघालं नाही, पण तळ्याकडे नोंदवही म्हणून बघायची ही दृष्टी तीनशे वर्षं जुनी आहे.

ही दृष्टी सगळ्यात आधी पूर्णपणे वापरली गेली ती अमेरिकेत. युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीच्या मागच्या डोंगरांवर, आजच्या खाऱ्या तळ्यापेक्षा जवळजवळ ३०० मीटर उंचीवर, आडव्या पायऱ्या दिसतात. लाटांनी कोरलेले जुने किनारे. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने ते मोजले आणि १८९० मध्ये त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. हिमयुगाच्या शेवटाकडे तिथे बॉनव्हिल नावाचं सरोवर होतं, सुमारे ५०,००० चौरस किलोमीटरचं. आपल्या अख्ख्या विदर्भाच्या निम्म्याएवढं पाणी, आणि आज तिथे मिठाचं सपाट मैदान, ज्यावर लोक गाड्यांचे वेगाचे विक्रम करतात.

पण एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे उपयोगी पडेल. अमेरिकेतलं ते सरोवर हिमयुगाच्या थंडीत फुगलं होतं. थर मात्र त्याच सुमारास कोरडं ठक्क होतं. पूर्वी नागौर जिल्ह्यात असलेल्या डीडवाणा तळ्याच्या तळाशी हिमयुगातले थर आहेत ते मिठाचे. तिकडे बर्फाच्या प्रचंड थरामुळे पाऊस आणणारे वारे दक्षिणेला सरकले आणि युटात बरसले. इकडे आशिया खंड थंड पडल्याने आपला मान्सूनच लंगडा झाला. 'हवामान बदललं' असं एका वाक्यात बोलून टाकणाऱ्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. बदल एकच, आणि एका वाळवंटात समुद्रासारखं तळं तर दुसऱ्यात मीठ.

हिमयुग सरलं आणि थरचे दिवस पालटले. यात पृथ्वीच्या डुलण्याचा हात आहे. आज पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, म्हणजे आपल्या थंडीत. भोवरा डुलतो तशी पृथ्वीही अगदी संथ डुलते, आणि साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी हीच जवळीक उत्तर गोलार्धाच्या उन्हाळ्यात येत होती. उन्हाळ्यातलं ऊन आजच्यापेक्षा सात-आठ टक्के जास्त. जमीन जास्त तापली, समुद्रावरून वारा जास्त जोराने आत खेचला गेला, मान्सून बळकट झाला. १९८१ मध्ये जॉन कुट्झबाख या हवामानशास्त्रज्ञाने हे कॉम्प्युटरवर मांडून दाखवलं. त्यानंतर ऊन हळूहळू कमी होत गेलं आणि मान्सूनही उतरत गेला. मोठं चित्र एवढंच. सगळी भांडणं आहेत ती 'हळूहळू' या शब्दावर : नेमकं कधी, कुठे, किती वेगाने.

आता हडप्पा. मोहेंजोदडोचं उत्खनन करून घेणारे जॉन मार्शल यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात म्हटलं की त्या काळी सिंधमध्ये पाऊस जास्त असला पाहिजे. युक्तिवाद पटण्यासारखा होता. पाऊसच नाही तर भाजलेल्या विटा कशाला, कच्च्या विटा स्वस्त पडतात की. एवढ्या गटारी कशाला? आणि मुद्रांवर गेंडा, हत्ती, वाघ कुठून आले? तीस वर्षांनी, १९६१ मध्ये, राइक्स आणि डायसन या दोघांनी यातला एकेक मुद्दा खोडला. विटा भाजायला नदीकाठचं जंगल पुरतं. गटारी न्हाणीघरांच्या पाण्याला लागतात, ढगांशी त्यांचा संबंध नाही. गेंडा नदीकाठच्या गवतातही राहतो. थोडक्यात, दोन्ही बाजू विटा आणि चित्रं बघून पावसाचा अंदाज करत होत्या. पावसाची स्वतःची नोंद कुणाच्याच हातात नव्हती.

ती आणली गुरदीप सिंग यांनी. लखनऊच्या बिरबल साहनी पुरावनस्पती संस्थेत घडलेला आणि पुढे ऑस्ट्रेलियात कॅनबेराला गेलेला हा संशोधक परागकणांचा माणूस. त्यांनी सांभर, डीडवाणा आणि लूणकरणसर या खाऱ्या तळ्यांच्या तळातला गाळ घेतला आणि थर-थर करून त्यातले परागकण मोजले. परागकणाचं कवच भलतंच चिवट असतं, हजारो वर्षं गाळात टिकतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली कुठल्या वनस्पतीचा ते ओळखता येतं. गवत किती, झुडपं किती, खारट जमिनीतली रोपं किती, पाणवनस्पती किती, यावरून पावसाचा अंदाज. १९७१ मध्ये त्यांनी निबंध लिहिला आणि सिंधू संस्कृती थेट या तळ्यांना जोडली. ती बहरली तेव्हा पाऊस चांगला होता, नंतर कोरडेपणा आला आणि ती उतरली. पहिल्यांदाच कुणीतरी 'मला वाटतं' ऐवजी 'मी मोजलं' असं म्हणत होतं. पुढची पंचवीसेक वर्षं पाठ्यपुस्तकांपासून मासिकांपर्यंत हीच मांडणी फिरली. मला विचाराल तर सिंग यांचं काम आजही मोठं आहे. वाद होतो तो त्यांनीच पायंडा पाडलेल्या पद्धतीने होतो.

अडचण होती तारखांची. हाती कार्बनच्या तारखा मोजक्याच होत्या, मधल्या थरांचं वय अंदाजाने भरलेलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधले पुरातत्त्वज्ञ वि. ना. मिश्र यांनी १९८४ मध्येच या जोडणीवर प्रश्नचिन्ह लावलं होतं. मोठा धक्का आला १९९९ मध्ये. जेरुसलेमचे येहुदा एन्झेल आणि त्यांच्याबरोबर एक मोठा गट, ज्यात डेक्कन कॉलेजचे शरद राजगुरू आणि शीला मिश्र, अहमदाबादच्या भौतिकी प्रयोगशाळेचे आर. रमेश अशी माणसं होती, त्यांनी लूणकरणसर पुन्हा तपासलं. बीकानेर जिल्ह्यातलं हे तळं, चारही बाजूंना वाळूच्या टेकड्या. यावेळी थर बारकाईने वाचले आणि तारखा भरपूर घेतल्या. निष्कर्ष असा : तळं आधी उथळ आणि वर-खाली होणारं, मग एकदम भरलं, सुमारे दीड हजार वर्षं भरलेलं राहिलं, आणि मग पार आटलं. आणि आटलं ते हडप्पाची शहरं उभी राहण्याच्या जवळजवळ हजार वर्षं आधी.

परत वाचा. शहरं कोरड्या काळात उभी राहिली. ज्या ओल्या काळाने त्यांना जन्म दिला असं आपण शिकलो, तो तर कधीच संपला होता.

इथे थोडं थांबतो, कारण यात एक सापळा आहे आणि माझ्या धंद्यातल्या लोकांना तो लगेच ओळखू येईल. त्या निबंधात तळं आटल्याची वेळ दिली आहे : ४,८०० कार्बन वर्षांपूर्वी. आता आपण काय करू? या शास्त्रात 'आज' म्हणजे १९५० धरायची पद्धत आहे, म्हणून ४,८०० वजा १,९५०, आलं इ.स.पू. २८५०. हडप्पाची प्रगत शहरं इ.स.पू. २६०० च्या सुमाराची. फरक फक्त अडीचशे वर्षं, मग हजार वर्षं कुठून आणली?

ती आली घड्याळातून. कार्बन-१४ ची पद्धत अशी, की जिवंत असेपर्यंत झाड किंवा प्राणी हवेतला कार्बन घेत राहतो. मेल्यावर त्यातला किरणोत्सारी कार्बन दर ५,७३० वर्षांनी निम्मा होत जातो. किती उरला ते मोजा, वय काढा. पण यात गृहीत धरलंय की हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण कायम तेवढंच होतं. ते तसं नव्हतं. सूर्य आणि पृथ्वीचं चुंबकत्व बदलतं तसं ते कमी-जास्त झालं. म्हणून झाडांच्या वर्षवलयांशी ताडून ही कार्बन वर्षं कॅलेंडरच्या वर्षांत बदलावी लागतात. ४,८०० कार्बन वर्षं म्हणजे साधारण ५,५०० खरी वर्षं. आता वजाबाकी करा : इ.स.पू. ३५५० च्या आसपास. आले ना हजार वर्षांजवळ?

सर्व्हरचे लॉग वाचताना एक मशीन भारतीय वेळ लिहितंय आणि दुसरं ग्रिनिचची, तर साडेपाच तासांचा घोळ होतो आणि कारण-परिणाम उलटेपालटे दिसतात. एरर आधी आला आणि रिक्वेस्ट नंतर, असं काहीतरी. इथे फरक काही शतकांचा आहे, आणि तोही प्रत्येक काळात वेगळा. जुनी पुस्तकं वाचताना म्हणून एक सवय लावून घ्या : तळ्याची तारीख कुठल्या घड्याळातली आणि शहराची कुठल्या, हे आधी बघा. यूट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ इथेच गारद होतात. तळ्यांच्या बाबतीत आणखी एक कटकट आहे. चुनखडीतून विरघळलेला जुना कार्बन पाण्यात मिसळलेला असेल, तर त्यात वाढलेली शिंपली आणि वनस्पती जन्मतःच म्हाताऱ्या दिसतात.

हडप्पावासी कोरड्या काळात जगले याला दुसरीकडूनही आधार मिळाला. कालीबंगा आणि आजूबाजूच्या कितीतरी वस्त्या घग्गर नदीच्या पात्राशी आहेत. तिथून एके काळी सतलज वाहायची. २०१७ मध्ये अजित सिंह, संजीव गुप्ता आणि सहकाऱ्यांनी त्या पात्राखालच्या वाळूची वयं काढली. वाळूच्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं हे मोजायची एक पद्धत आहे, ती वापरून. उत्तर आलं की सतलजने तो मार्ग आठ हजार वर्षांपूर्वीच सोडलेला. म्हणजे लोक महानदीच्या काठी राहायला आलेच नव्हते. ते आले एका सोडून दिलेल्या रुंद खोऱ्यात, जिथे पावसाळी पाणी यायचं, माती चांगली होती, आणि हिमालयातल्या मोठ्या नदीचा प्रलयंकारी पूर येत नव्हता. हा विचार मला फार आवडतो. आपण मोठ्या नदीला वरदान म्हणतो, पण दर काही वर्षांनी गाव धुवून नेणाऱ्या नदीपेक्षा ती निघून गेलेली जागा राहायला बरी.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, चला, निकाल लागला, पावसाचा काही संबंध नाही. लागला नाही.

२०१४ मध्ये यमा दीक्षित, डेव्हिड हॉडेल आणि कॅमेरॉन पेट्री यांनी कोटला डहर या तळ्याचा निबंध छापला. हे हरियाणात, मेवातमध्ये, म्हणजे थरच्या पूर्व कडेला. त्यांनी गाळातले गोगलगायींचे इवलेसे शंख घेतले. शंख बनतो तळ्यातल्या पाण्यातून, आणि त्यातल्या ऑक्सिजनमध्ये पाण्याची सही उमटते. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडतो आणि जड मागे राहतो, मिठासारखाच. शंखात जड ऑक्सिजन वाढला की समजायचं तळं आटतंय. तिथे सुमारे ४,१०० वर्षांपूर्वी जड ऑक्सिजनने एकदम उडी मारलेली दिसते. तळं त्याआधीही खाली जात होतं, पण या उडीनंतर ते फक्त पावसाळ्यापुरतं उरलं. ४,१०० वर्षांपूर्वी म्हणजे इ.स.पू. २१०० च्या आसपास, आणि शहरं ओस पडायला लागतात इ.स.पू. १९०० च्या सुमारास. हे जुळतं. जगभरात याच सुमारास दुष्काळाच्या खुणा आहेत. मेघालयातल्या मॉम्लुह गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात त्या इतक्या स्पष्ट मिळाल्या की २०१८ मध्ये भूशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ४,२०० वर्षांपूर्वीपासून आजपर्यंतच्या कालखंडाला 'मेघालयन' हेच नाव दिलं. आपण सगळे सध्या मेघालयन काळात जगतोय, म्हणजे.

मग २०१८ मध्येच करसंडी. उत्तर राजस्थानातलं आणखी एक मेलेलं तळं. इथे शंख नव्हे, जिप्सम. जिप्समचा स्फटिक तयार होताना तळ्याचं थोडं पाणी स्वतःच्या रचनेत अडकवून ठेवतो. दीक्षित आणि सहकाऱ्यांनी तो स्फटिक तापवून पाच हजार वर्षांपूर्वीचं ते पाणी बाहेर काढलं आणि मोजलं. माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सगळ्यात कमाल गोष्ट. निष्कर्ष : साधारण ५,१०० वर्षांपूर्वीपासून तिथे ओल होती, पाच हजार ते ४,४०० वर्षांपूर्वी मान्सून आणखी वाढला, आणि नंतर कधीतरी कोरडं झालं. हा ओला काळ बरोबर शहरं उभी राहण्याच्या काळावर बसतो.

म्हणजे बघा. लूणकरणसर म्हणतं शहरांच्या आधीच सगळं आटलं होतं. करसंडी म्हणतं शहरं उभी राहताना पाऊस होता. कोटला डहर म्हणतं शहरं पडायच्या आधी पाऊस गेला. तिन्ही थर किंवा थरच्या कडेचे, तिन्ही चांगल्या हातांनी तपासलेले.

खोटं कोण बोलतंय? मला वाटतं कुणीच नाही, आणि हे मी 'सगळ्यांचं थोडं थोडं बरोबर' अशा गुळमुळीत अर्थाने म्हणत नाहीये. तळं स्वतःच्या खोऱ्याबद्दल बोलतं. लूणकरणसर वाळवंटाच्या पोटात आहे आणि जमिनीखालच्या पाण्याची पातळी खाली गेली की ते आटतं. त्यानंतर पाऊस थोडा वाढला तरी आटलेलं तळं तो दाखवणार नाही, कारण कोरड्या तळात गाळ साठत नाही, उलट वारा वरची माती उडवून नेतो. मीटर शून्यावर अडकला की शून्याच्या खालचे चढउतार दिसत नाहीत. आणि थरच्या कडेला मान्सूनची रेघ पन्नास-शंभर किलोमीटर इकडची तिकडे झाली तरी एक तळं ओलं आणि दुसरं कोरडं. वर तिथे हिवाळ्यातही थोडा पाऊस पडतो, राजस्थानात त्याला मावठ म्हणतात, आणि हडप्पाचे गहू-जव त्यावरही पोसले जायचे. उन्हाळी पाऊस कमी झाला म्हणजे शेती संपली असं सरळ समीकरण नाही.

शिवाय 'संस्कृती संपली' हे वाक्यही तपासून घ्यावं लागतं. संपली ती मोठी शहरं, त्यांच्या मुद्रा, वजनं, ती अजून न वाचलेली लिपी. माणसं पूर्वेला हरियाणा-पश्चिम उत्तर प्रदेशाकडे आणि दक्षिणेला सौराष्ट्रात छोट्या गावांतून दिसत राहतात. आपल्या नगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या दायमाबादलासुद्धा उत्तर हडप्पा काळाचा थर आहे. १९७४ साली तिथे सापडलेले ब्रॉन्झचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ तुम्ही फोटोत पाहिले असतील. दुष्काळाने हाकललेली माणसंच ते घेऊन आली, असं मी म्हणत नाहीये, तेवढा पुरावा नाही. पण चार हजार वर्षांपूर्वीच्या प्रवरेला सिंधूकडची हवा लागली होती, हे नक्की.

आता लोणार, सांगितल्याप्रमाणे. भारतीय आणि जर्मन संशोधकांच्या गटाने सरोवराच्या तळातून सुमारे दहा मीटर लांबीचा गाळाचा दांडा काढला आणि २०१४ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. त्यात गेल्युसाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक दोनच पट्ट्यांत मिळतात. हे स्फटिक पाणी फार कमी आणि फार खारट झालं की बनतात. पहिला पट्टा सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा. ओळखलात? हडप्पाच्या शहरांचा बहर आणि उतार, दोन्ही त्यात बसतात. दुसरा सुमारे २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

या दुसऱ्या पट्ट्याने मला बराच वेळ विचारात पाडलं. इ.स.च्या आरंभापासून जवळपास चौदाव्या शतकापर्यंत लांबलेला कमकुवत मान्सून. आणि त्याच काळात, त्याच दख्खनवर काय काय झालं? सातवाहनांचा उत्तरार्ध, वाकाटकांच्या काळातली अजिंठ्याची लेणी, राष्ट्रकूटांचं वेरूळचं कैलास, देवगिरीचे यादव. लोणारच्या काठाजवळची देवळंसुद्धा. महाराष्ट्राच्या इतिहासातला जवळजवळ सगळा देखणा भाग त्या सुकलेल्या पट्ट्यात मावतो. पहिल्या पट्ट्याकडे बोट दाखवून 'बघा, दुष्काळाने संस्कृती संपते' म्हणणाऱ्याला दुसऱ्या पट्ट्याचंही उत्तर द्यावं लागेल. तळं पावसाबद्दल सांगतं. त्या पावसाचं लोकांनी काय केलं, धान्य कुठे साठवलं, कोण स्थलांतर करून गेलं, कुणाच्या कोठारात काय होतं, हे तळं सांगत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. उद्या कुणी मांजरा धरणाचा गाळ वाचला तर त्याला कोरडं वर्ष दिसेल. त्यात रेल्वे दिसणार नाही, आणि मराठवाड्यात तेव्हा ऊस किती उभा होता तेही दिसणार नाही.

शेवटी आजची स्थिती. लूणकरणसरच्या बाजूने आता इंदिरा गांधी कालव्याचं पाणी जातं, पंपाने वर चढवून. जिथे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तळं आटलं, तिथल्या शेतात हिमालयाचं पाणी येतंय. कालव्याच्या भागात पाणी झिरपून भूजल वर येतं आणि सखल जागी क्षार वर येतात. पुढे हे थर वाचणाऱ्याला तो ओला काळ मान्सूनचा वाटला तर नवल नाही. आणि दुसरीकडे बीकानेर, हनुमानगढ भागात जिप्समच्या खाणी आहेत. बीकानेरजवळच्या जामसरचं जिप्सम एकेकाळी थेट सिंद्रीच्या खत कारखान्यात जायचं, आजही राजस्थानचं जिप्सम सिमेंटला आणि शेतजमीन सुधारायला जातं. करसंडीत ज्या स्फटिकातून पाच हजार वर्षांपूर्वीचं पाणी मिळालं, तोही जिप्समच. त्यामुळे पुढचं तळं तपासायला माणसं पोचतात की आधी जेसीबी, यावर या वादाचा पुढचा अंक ठरणार आहे.

पुढच्या भागात सहारा. तिथे चाडचं सरोवर एकेकाळी साडेतीन लाख चौरस किलोमीटरचं होतं, आपल्या महाराष्ट्रापेक्षा मोठं, आणि त्याच्या आटलेल्या तळाची धूळ आजही वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा, जमेल तेवढ्यांना उत्तर देतो. भेटू.